खाणीवरचा धुरा

११ ऑगस्ट, सोमवार. बडनेरा

वडझरीच्या बुजवलेल्या खाणीवर, ईशान्येच्या कोपऱ्यात, जमीन खचली आहे. संघपालने सकाळी फोनवर सांगितलं, दुपारी खाणीचे इंजिनिअर स्वप्निल यांनी दुजोरा दिला. बैलगाडी मावेल एवढा खड्डा आहे आणि त्यात पाणी भरलं आहे. माणूस किंवा जनावर कोणी पडलेलं नाही.

आधी घटना, मग कोणी सांगितली, मग नुकसान किती. अमरावतीच्या एका दैनिकात जिल्ह्याची पानं लावण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी दैनंदिनी त्याच क्रमाने लिहिली जाते.

नुकसान किती ते आज सांगता येत नाही. वडझरी हे आमचं गाव, वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यातलं. गाव उठलं, वावरं गेली, त्या जागी खुली खाण झाली. कोळसा संपल्यावर ती दगडमातीने भरली, वर काळ्या मातीचा थर पसरला, गवत लावलं. देखरेखीच्या समितीत आम्ही तिघे: अमरावतीच्या कार्यालयातल्या पर्यावरण अधिकारी आरती मॅडम, खाणीच्या बाजूने स्वप्निल आणि गावकऱ्यांच्या बाजूने मी. ठरलेलं असं की, भराव दोन पावसाळे टिकला तर जमीन गावकऱ्यांच्या संस्थेला सामायिक कसायला मिळेल. खचला तर आणखी पाच वर्षं खाणीकडेच राहील. हा दुसरा पावसाळा.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "संघपालचा फोन होता काय? गवत कसं हाये म्हणे?"

"चांगलं आहे," म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहाटेच्या एसटीने वडझरीला जाऊन आले. पाठ दुखते आहे, तरी आजच लिहिलेलं बरं.

ती जागा आता साधा माळ वाटते. हलका उतार, गुडघाभर गवत, ओळीने लावलेली करंज आणि सीताफळं. मी एकदा खाण चालू असताना काठावर उभी राहिले होते. तळाशी चालणारे ट्रक पोरांनी खेळायला मांडल्यासारखे दिसत होते. आमचं वावर त्या पोकळीत नेमकं कुठे लटकत असेल, याचा तेव्हा अंदाज घेत बसले होते. आज त्याच जागेवर पाय ठेवून चालले आणि गवतात टोळ उडाले.

खड्ड्याच्या काठावर स्वप्निलने समजावलं. तो नगरकडचा, तिशीतला, बोलायला सरळ.

"मॅडम, खाली सगळा भराव आहे. तो नीट बसायला वर्षं लागतात. पाणी वाहून गेलं तर काही होत नाही. एका जागी साचलं तर आत मुरतं, बारीक माती घेऊन खाली जातं आणि वरची जमीन बसते. म्हणून आपण उतार ठेवला. म्हणून तर सभेत सगळ्यांना सांगितलं होतं, कुठेही आडवा बांध घालायचा नाही."

"मग इथे पाणी साचलं कशाने?"

त्याने हाताने गवत बाजूला केलं. उताराला आडवी, लांबच लांब गेलेली मातीची रांग. वीतभर रुंद माथा, गुडघ्याला लागेल एवढी उंची, वर हरळी धरलेली. "हे आमच्या आराखड्यात नाही," तो म्हणाला. "काय आहे हे?"

मी पाहताक्षणी ओळखलं होतं. त्याला सांगितलं, हा धुरा. दोन वावरांच्या मधला. इथून माझं संपलं, तिथून तुझं सुरू, हे सांगणारा.

जुन्या खुणा खाणीच्या हद्दीबाहेर दोनच उरल्या आहेत, रस्त्याकडचा कडुनिंब आणि नाल्यावरच्या पुलाचा कठडा. आमच्या आणि भगवंतकाकांच्या वावरामधला धुरा निंबापासून थेट कठड्यापर्यंत जायचा. मी निंबाला पाठ टेकून उभी राहिले आणि नजर लावली. सुरुवात बरोबर होती. पुढे पुढे मात्र नवा धुरा आमच्या बाजूला कलत गेला होता. शेवटाला चांगला दोन हात आत.

हे काम कोणाचं, हे मग कोणाला विचारायची गरज उरली नाही. तरी संघपालला विचारलं. तो आमच्याच गावचा, आता तिथे राखणीला आहे.

"इथं कोण आलं होतं रे उन्हाळ्यात?"

"ताई, मले नका विचारू."

"भगवंतकाका?"

"आले असन."

"असन म्हणजे?"

"आले होते ना." तो गवताकडे पाहत होता. "तुमी चहा घ्या न पहिले. उन्हाच्या आल्या."

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल बाबांना सांगितलं. खड्ड्याचं ऐकलं, धुऱ्याचं ऐकलं. "कोनं केला म्हणे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "कोणी केला असेल, तुम्हीच सांगा." ते उठून तुळशीच्या कुंडीतलं तण काढत बसले. राग गिळत असतील.

दोन दिवस तो जुना धुरा डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच्यावर बोरी होत्या, तरोटा होता, मधोमध एक बाभूळ. आई आणि सुभद्राकाकू दुपारी त्या बाभळीच्या सावलीत बसायच्या, आई आमच्या बाजूला, काकू त्यांच्या बाजूला, आणि मधे धुऱ्याच्या माथ्यावर दोघींच्या शिदोऱ्या उघडलेल्या. अंबाडीची भाजी तिकडून इकडे यायची, ठेचा इकडून तिकडे जायचा. मला वाटायचं धुरा जेवायला बसण्यासाठीच असतो.

बाबा आणि भगवंतकाकांचं मात्र दर उन्हाळ्यात वाजायचं. नांगरताना धुऱ्याच्या अंगाला एक तास जास्त घ्यायचा, म्हणजे नांगराची एक रेघ आपल्या पदरात, अशी भगवंतकाकांची रीत. बाबा घरी येऊन सांगायचे, "आज भगवंत्यानं तास घेतला." आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मंग तुमी उद्या घ्या." उद्या बाबा घ्यायचे. असं करून धुरा कधी इकडे, कधी तिकडे, मुंगीच्या पावलांनी हलत राहायचा. आमचे अडीच एकर बाबांनी भगवंतकाकांच्याच वडिलांकडून घेतलेले. आमच्या घरात त्याआधी कोणाच्या नावावर माती नव्हती. त्यामुळे बाबांच्या बाजूने तो नुसता मातीचा प्रश्न नव्हता, आणि काका ते समजून घ्यायला तयार नसत, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

आई गेली तेव्हाचं तर मी अजून विसरले नाही. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. भगवंतकाका बार्शीटाकळीहून आले. गाव उठल्यावर त्यांनी तिकडे जमीन घेतली. ते बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "देवमन, तुह्या कोपऱ्यातली ती बोर माह्या हद्दीत होती." बाबांनी मान वर केली. "तुह्या बापानं लावली होती काय?" आणि दोघांचं सुरू झालं. भर बैठकीत, आलेल्या लोकांसमोर. मला इतका संताप आला होता. माणसाला वेळकाळ नसावा? त्या रात्री बाबा जेवले म्हणून मी काही बोलले नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

रविवार म्हणजे भगवंतकाकांचा फोन. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो आणि आख्खी गल्ली ऐकते.

"जिवंत हायेस काय बे?"

"तुह्या आधी जात नाही मी."

"तुले धुऱ्यावरची बोर आठोते?"

"मले तुहं तोंड आठोते बोर तोडताना. दिवसाढवळ्या."

"माह्या हद्दीतली होती म्हून तोडली."

"हद्द का तुह्या कपाळावर लिवली होती?"

हे असं अर्धा तास चालतं. दर आठवड्याला तीच बोर, तोच पावसाळा, तीच मोजणी. फोन ठेवल्यावर बाबांचा चेहरा लाल झालेला असतो. बीपीची गोळी मी रविवारी मुद्दाम फोनच्या आधी देते.

आज मी मधेच फोन हातात घेतला. "काका, मी दीपमाला. खाणीवर धुरा तुम्ही घातला का?"

काका म्हणाले, "हो, म्याच घातला."

"तुम्हाला सांगितलं होतं ना सभेत? तुम्ही हात वर केला होता."

"हात तं सगळ्यायनंच वर केला, बाई."

मला वाटलं बाबा आता तुटून पडतील. बोरीसाठी जो माणूस चाळीस वर्षं भांडतो, त्याचं आता वावरच जाण्याची वेळ या गृहस्थामुळे आली आहे. पण बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि "ठेवतो" म्हणाले. दुपारी जेवलेही कमी.

फार लागलं असावं. विश्वासाचा माणूस होता शेवटी.

१९ ऑगस्ट, मंगळवार. अमरावती

आरती मॅडमना कार्यालयात भेटले. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. भराव आपोआप खचला असेल तर जमीन आणखी पाच वर्षं खाणीकडे. पण कोणी बांध घातल्यामुळे खचला असेल, तर दोष भरावाचा नाही. मग खड्डा भरून, पावसाळ्यानंतर मोजणी करून जमीन संस्थेला देता येईल. मात्र बांध घालणाऱ्याने अटी मोडल्या, त्याचं संस्थेचं सदस्यत्व जाऊ शकतं.

"तो माणूस पाहणीच्या दिवशी येऊन स्वतः सांगेल का?" त्यांनी विचारलं. "नुसत्या ऐकीव गोष्टीवर मी अहवाल देऊ शकत नाही."

पाहणी दोन सप्टेंबरला.

म्हणजे भगवंतकाकांनी कबूल केलं की वडझरीच्या बाकी सगळ्यांना जमीन मिळते. काकांना नाही. त्यांच्याकडे बार्शीटाकळीला पाच एकर आहेत, बाबांकडे एक कुंडी आहे. मी मनात हा हिशेब मांडला आणि तो इतका सोपा निघाला की मला स्वतःचीच शंका आली. मी गावकऱ्यांची प्रतिनिधी आहे, देवमनची मुलगी म्हणून नेमलेली नाही. काका हेसुद्धा गावकरीच.

येताना बडनेऱ्याच्या गाडीत उभं राहावं लागलं. मी तेच घोकत होते: चूक त्यांनी केली, मी फक्त विचारायला जाणार आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

अकोल्यापर्यंत रेल्वेने, तिथून बसने बार्शीटाकळी. परवाच पोळा झाला. भगवंतकाकांच्या दारात तोरणाचे आंब्या-पळसाचे डहाळे वाळत पडले होते. त्यांचं इथलं वावर घरामागेच आहे, सोयाबीन चांगलं आलं आहे. चारी बाजूंनी सिमेंटचे खांब आणि तारा. शेजारी कोण आहे विचारलं तर काका म्हणाले, "कोनी अकोल्याचा डॉक्टर हाये. दिसला नाही कदी."

काका ओसरीवर खाटेवर होते. काठी भिंतीला टेकलेली. मी पाहणीचं सांगितलं, सदस्यत्वाचं सांगितलं. शब्द न गाळता सांगितलं, कारण त्यांना अंधारात ठेवून हो म्हणवून घ्यायचं नव्हतं.

"येतो ना," ते म्हणाले. "सांगतो. म्याच केला. काढू दे नाव."

"काका, नीट विचार करा."

"विचार करूनच केला होता."

एवढ्या लवकर काम होईल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात चहा आला. सुभद्राकाकूंनी कपबशी माझ्या हातात दिली आणि खाटेकडे न पाहता म्हणाल्या, "एकट्यानं केला म्हणते. खुबा मोडला तवापासून या मानसाले वाकता येत नाही. चप्पल मी घालून देतो पायात. वाकल्याबिगर धुरा होते काय, वो बाई?"

"तू चूप बस," काका म्हणाले.

"काहून चूप बसू? मे मईन्यात देवमनभाऊ आठ दिवस घरी होते ते का सोयरीक पाहाले आले होते? दोघंही फावडं पोत्यात गुंडाळून वणीच्या गाडीत बसले. म्या बेसन-भाकर बांधून देली."

मे महिन्यात बाबा बार्शीटाकळीला विहाराच्या श्रमदानाला म्हणून गेले होते. परत आले तेव्हा तळहातांना फोड होते; मी त्यावर हळद लावली होती आणि या वयात कुदळ कशाला धरता म्हणून रागावले होते. विहारासाठी, म्हणून मग जास्त बोलले नव्हते.

काकू आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "तिचं नको ऐकू. मले इथं पाच एकर हायेत. त्याले काई नाही. माह्यं एकट्याचंच नाव सांग."

परतीच्या गाडीत बसून हे लिहिते आहे. बाबा गेले होते, हे खरं. पण बहुधा काकांना अडवायला गेले असतील. अडवता आलं नाही म्हणून लाजेने घरी सांगितलं नसेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

अडवायला गेले नव्हते.

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. बाबांनी बशी खाली ठेवली. "सुभद्रानं सांगतलं असन. त्या बाईच्या पोटात पानी टिकत नाही."

"बाबा, धुरा कोणी घातला?"

"खोदला म्या. दोर त्यानं धरला. त्याले वाकता येत नाही, तो निंबापाशी खुर्ची घेऊन बसला. घे डावीकडं, घे डावीकडं, करून राहिला. माही मान खाली. शेवटच्या दिवशी उठून पाहतो तं धुरा दोन हात माह्यात."

"मग सरळ का केला नाही?"

"राहू देला." आणि ते चक्क हसले. "तिकडून वरडून म्हणते, देवमन, कसा सरळ आला न?"

मला हसू येईना. मी म्हटलं, "पण मुळात घातलाच कशाला? पाणी साचेल हे सांगितलं होतं. सामायिक जमीन आहे, सगळ्यांची एक."

त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

"सगळ्याची एक, हे मले समजते. चांगलंच हाये. पन मी तिथं उभा राहिलो दीपा, त्या गवतात, अन् मले समजेना का मी कुठं उभा हावो. सरकारी पडीक हाये, का गायरान हाये, का रस्ता हाये. माह्या बापाले वावर नवतं, म्हून त्याले धुराबी नवता. तो लोकाच्या धुऱ्यावरून चालत जाये अन् लोक त्याले म्हणत, खाली उतर. म्या वावर घेतलं त्या दिवशी बापाले पहिले धुऱ्यावर उभं केलं. धुऱ्याबिगर वावर कसं असते, तूच सांग."

बाबांनी आजोबांची ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती.

दुपारी मी विषय परत काढला. काका एकट्याचं नाव सांगायला तयार आहेत, हे सांगितलं. प्रामाणिकपणे लिहायचं तर मी ते अशा आवाजात सांगितलं की बाबांनी ते धरून ठेवावं. त्यांना वावर मिळावं असं मला वाटतं. ती जमीन त्यांच्या हयातीत त्यांच्या पायाखाली यावी, यासाठी मी समितीत बसले आहे, बाकी सगळं वर लावलेलं आहे.

बाबा एकदम ताठ झाले.

"त्याचं एकट्याचं नाव?"

"हो. त्यांनीच सुचवलं."

"नाही."

"बाबा, मग तुमचंही सदस्यत्व जाईल."

"जाऊ दे. खोदला म्या, फोड माह्या हाताले आले, अन् धुरा भगवंत्याचा? चाळीस वर्स हेच केलं त्यानं. दोघायचीबी नावं सांग. नाही तं मी येऊन सांगतो."

काका त्यांच्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेत आहेत आणि बाबा त्यातही हद्दीचं भांडण काढत आहेत. दोघांचं वय झालं आहे, दुसरं काय म्हणू.

३० ऑगस्ट, शनिवार

पाच दिवस लिहिलं नाही. बाबांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला आहे. त्यांना नेऊ नये, तब्येतीचं कारण सांगावं, असं दोनदा मनात आलं. आज दुपारी आरती मॅडमना फोन करून कळवलं की बांध एकाने नव्हे, दोघांनी घातला. दुसरे माझे वडील आहेत. त्या दोघांचा विषय निघेल तेव्हा मी समितीची सदस्य म्हणून मत देणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं केलंत, सांगितलंत ते." मग थोडं थांबून, "तुमच्या वडिलांचं वय काय?"

२ सप्टेंबर, मंगळवार

पाहणी झाली. थकले आहे, पण पुन्हा लिहीन म्हणून ठेवलं तर यातलं अर्धं निघून जाईल.

भगवंतकाका आमच्या आधीच येऊन निंबाखाली संघपालच्या खुर्चीवर बसले होते. बाबांना गाडीतून उतरताना पाहून म्हणाले, "तू काहून आलास? मी सांगणार होतो ना."

"म्हूनच आलो."

आरती मॅडमनी खड्डा पाहिला, स्वप्निलने पुन्हा एकदा पाण्याचं समजावलं. मग मॅडमनी विचारलं, हा बांध कोणी घातला?

"म्या," बाबा म्हणाले.

"म्या, मॅडम," काका म्हणाले. "हा नुसता खोदत होता."

"नुसता? तू खुर्चीत बसून पानी पेत होता."

"आखनी कोनाची होती? आखनीबिगर का नुसत्या खोदण्यानं धुरा होते?"

"वाकडी आखनी."

"वाकडी? निंबावरून पाह्य न."

मॅडम एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिल्या. स्वप्निल पाठ फिरवून मोबाइलमध्ये काही शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दोघांनी मिळून. मी तसंच लिहिते." मला वाटलं आता तरी त्यांच्या लक्षात येईल, काय गमावलं ते. बाबांनी काकांकडे पाहिलं आणि काकांनी मान हलवली, सौदा पटल्यावर हलवतात तशी.

धुरा आजच फोडायचं ठरलं, पाणी वाहून जाण्यासाठी. स्वप्निलने यंत्र बोलवतो म्हटलं. बाबा म्हणाले, "त्यानं वरची काळी माती उकरून जाईन. दे फावडं." मी अडवलं, संघपालने अडवलं, तरी पहिला घाव बाबांनीच घातला, मग संघपालने पुढे नेलं. काका काठी टेकत जवळ आले आणि सांगू लागले, "तुह्याकडची माती तुह्याकडं टाक. माह्यात नको."

वाट मिळाल्यावर पाणी आधी गढूळ, जाड असं सरकलं, मग पातळ होऊन उताराने धावू लागलं. करंजाच्या रोपांमधून खाली नाल्याकडे. लहानपणी जोराचा पाऊस पडला की आमचा धुरा असाच फुटायचा आणि हे दोघे डोक्यावर पोतं घेऊन, दोन बाजूंनी उभे राहून, पाणी कोणाच्या वावरातून गेलं ते पाहायचे. आज डोक्यावर पोती नव्हती. बाकी उभे तसेच होते.

"पानी तं माह्याकडून गेलं," काका म्हणाले.

"उतार तिकडं हाये."

"उतार आधी तुह्याकडं होता."

"ते आधी."

दोघे पाणी ओसरेपर्यंत तिथेच उभे राहिले. मी दोनदा हाक मारली, गाडी निघायची वेळ झाली म्हणून. ऐकू आलं नसावं.

२८ सप्टेंबर, रविवार

खड्डा मुरूम आणि वर काळी माती टाकून भरला आहे. गेल्या पंधरवड्यात दोन जोराचे पाऊस होऊनही तिथे पाणी थांबलेलं नाही. संघपालने काल फोटो पाठवले, स्वप्निलने आज फोनवर पुष्टी केली. संघपालला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

पावसाळ्यानंतरची मोजणी पंधरा ऑक्टोबरला आहे. जमीन आणखी खचलेली नसेल, तर ती त्याच महिन्यात संस्थेला देण्याचा अहवाल जाईल. स्वप्निलच्या मते खचलेली नसेल. बाबा आणि भगवंतकाकांच्या सदस्यत्वाचा निर्णय त्यानंतर अपेक्षित आहे. वर्षभरासाठी जाईल की कायमचं, ते आरती मॅडमनी सांगितलं नाही. दोघांना मोजणीच्या दिवशी हजर राहायला कळवलं आहे. उभे राहून पाहण्यापलीकडे त्यांना तिथे काही करता येणार नाही, हे मी दोघांनाही समजावलं.

बाबांना याचं दुःख दिसत नाही. जेवण चांगलं आहे. आजच्या फोननंतर बीपी मोजलं, ते गेल्या वर्षभरात सगळ्यात कमी होतं; यंत्राचे सेल बदलायला हवेत.

सुभद्राकाकू फोनवर म्हणाल्या की काका तेरा तारखेलाच वडझरीला जाऊन संघपालकडे मुक्काम करणार आहेत. हे ऐकल्यापासून बाबा बारालाच निघायचं म्हणतात. मोजणी पंधराला, इतक्या आधी जाऊन तिथे करणार काय, विचारलं तर सांगत नाहीत. बाराचं तिकीट काढायला सांगितलं आहे, एकच, आणि खिडकीजवळचं.